सर्व्होची जागा

एकावर एक असे दोन पंख असलेलं मॉडेल विमान बांधायला घेणाऱ्या माणसाला शहाणपणाचा सल्ला देण्यात अर्थ नसतो. शहाणपण त्याने मुहूर्तालाच बाजूला ठेवलेलं असतं. 1903 साली राइट बंधूंनी दोन पंख लावले, त्याला कारण होतं. लाकूड, कापड आणि तारा एवढ्यावरच त्यांना भागवायचं होतं, आणि दोन पातळ पंख खांबांनी-तारांनी एकमेकांना बांधले की कमी वजनात दणकट चौकट तयार व्हायची. आज पंखात कार्बनची एक नळी घातली की तेच काम होतं. तरी हा गृहस्थ दोन पंख, मधले खांब आणि खांबांमधल्या तिरप्या दोऱ्या घेऊन बसतो. वजन वाढतं, हवेचा अडथळा वाढतो, बांधायला दुप्पट वेळ जातो. का, तर दिसायला छान दिसतं. आणि निव्वळ दिसण्यापायी एवढं सोसणारा हाच माणूस पुढचा प्रत्येक प्रश्न मात्र शास्त्राने सुटावा म्हणून हटून बसतो.

असा एक माणूस सध्या आमच्या घरात आहे. तो माझा मुलगा असल्यामुळे त्याला बाहेर काढता येत नाही.

आमचं घर गुढियारीत, रायपूर स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला. रायपूरमधली मराठी मंडळी म्हटली की लोकांना तात्यापारा आठवतो, चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ आठवतं. गुढियारी म्हटलं की आठवतो घाऊक किराणा. इथे गूळ पोत्याने मिळतो, डाळ पोत्याने मिळते, तेल डब्यांच्या उतरंडीने मिळतं. बाल्सा मिळत नाही. इक्वेडोरच्या जंगलात वाढलेलं ते हलकं लाकूड कुरिअरने येतं, आणि कुरिअरवाला पोरगा ते एवढं लांबलचक खोकं हातात घेऊन दर वेळी संशयाने विचारतो, “अंकल, इसमें कुछ है भी?” त्याचा संशय रास्त आहे. बाल्साच्या खोक्यात असण्यापेक्षा नसणंच जास्त असतं.

बाकीच्या वस्तू मात्र इथल्या इथे जमतात. सर्व्होपासून पंखाच्या पट्टीपर्यंत जाणारा पुशरॉड म्हणून सायकलची स्पोक उत्तम. पोलादी, सरळ, दोन मिलिमीटर जाड, टोकाला आयते आटे. त्या आट्यांवर क्लेव्हिस, म्हणजे चिमट्यासारखी ती प्लास्टिकची पकड, थोड्या खटपटीने बसते. सायकलवाला स्पोकचे पैसे घेताना सायकल कुठे आहे हे विचारत नाही, हा त्याचा मोठेपणा.

तर आता मूळ प्रश्न. विमान डावी-उजवीकडे कलतं ते पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीने लावलेल्या पट्ट्यांमुळे, म्हणजे एलेरॉनमुळे. उजवी पट्टी वर, डावी खाली, की विमान उजवीकडे कलणार. खऱ्या छोट्या विमानात वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून पट्टीपर्यंत बहुधा तारा जातात. मॉडेलमध्ये वैमानिक खाली शेतात उभा असतो, म्हणून त्याच्या वतीने हात हलवायला सर्व्हो लागतो. सर्व्हो म्हणजे नऊ ग्रॅम वजनाची प्लास्टिकची डबी. आत एक मोटर, काही दातेरी चाकं आणि आपला हात सध्या कुठे आहे याची खबर ठेवणारा एक छोटा पोटेन्शिओमीटर. रिसीव्हरकडून तिला सेकंदाला साधारण 50 पल्स येतात. पल्स दीड मिलिसेकंदाचा असला तर हात मधोमध, एक मिलिसेकंदाचा असला तर या टोकाला, दोनचा असला तर त्या टोकाला. एवढंच तिला कळतं, आणि ते ती इमानाने करते. अशी निमूट काम करणारी वस्तू कुठे बसवावी यावरून घरात भांडण व्हायचं खरं तर काही कारण नव्हतं.

पण दुपंखी विमानात एलेरॉन दोन असू शकतात किंवा चार. दोन असले तर वरच्या पंखाला की खालच्या? चार असले तर प्रत्येकाला स्वतःचा सर्व्हो द्यायचा, की खालच्यांना द्यायचा आणि वरच्यांना खालच्यांच्या मागे ओढत न्यायचं? की मधोमध, विमानाच्या पोटात, एकच सर्व्हो ठेवून दोन्हीकडे तारा न्यायच्या? प्रश्नाला एवढे फाटे फुटले की घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकेक मत येतं.

माझं मत एका सर्व्होचं होतं. त्यामागे शास्त्र नव्हतं, बिल होतं. शिवाय हा मार्ग जुना आणि सज्जन आहे. खालचा पंख सलग असतो, पोटाखाली दोन स्क्रूंनी अडकतो. त्याच्या मधोमध खिडकी कापून सर्व्हो आडवा बसवायचा, आणि त्याच्या हातापासून डावी-उजवीकडे काटकोनात वाकवलेल्या पोलादी तारा पंखाच्या मागच्या कडेतून एलेरॉनपर्यंत न्यायच्या. सर्व्होचा हात हलला की तार स्वतःभोवती फिरते आणि पट्टी वर-खाली होते. वजन सगळं मध्यभागी. याला महत्त्व आहे, कारण कलायच्या बाबतीत जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं: मध्यापासून दुप्पट लांब ठेवलेला नऊ ग्रॅमचा सर्व्हो विमानाला चौपट जड जातो. मैदानावर पंख जोडताना प्लगही एकच लावायचा.

“बाबा, तार पिळते,” मुलगा म्हणाला.

पिळते हे खरं आहे. दीड-दोन मिलिमीटरची तार दोन वीत लांब गेली की सर्व्होच्या टोकाला ती जेवढी फिरते तेवढी एलेरॉनच्या टोकाला फिरत नाही. हवेचा दाब पट्टीला परत ढकलतो आणि मधली तार दोघांच्या ओढाताणीत पीळ खाऊन बसते. वेग वाढला की पट्टी थरथरू लागते. या थरथरीला मॉडेलवाल्यांच्या भाषेत फ्लटर म्हणतात, आणि ती वाढली तर पट्टी उपटली जाते. आवाज मोठ्या भुंग्यासारखा येतो आणि तो ऐकू आला तेव्हा करण्यासारखं एकच उरतं, थ्रॉटल मागे घेणं.

इथे नाना बोलले. नाना म्हणजे माझे वडील. आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलं, तेही दक्षिण पूर्व रेल्वेच्या काळात, बिलासपूरचा वेगळा झोन 2003 मध्ये झाला त्याच्या पुष्कळ आधी. विमानाशी त्यांचा संबंध मान वर करून बघण्यापुरता. पण लांबून एखादी वस्तू हलवायची म्हणजे काय, हे आमच्या घरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. जुन्या स्टेशनांवर केबिनमधला लिव्हर ओढला की दूरवरचा सांधा हलायचा तो रुळांच्या कडेने, रोलरांवरून गेलेल्या लोखंडी रॉडच्या जोरावर. उन्हाळ्यात रॉड वाढायची, हिवाळ्यात आखडायची. त्यावर उपाय म्हणून मधे कॉम्पेन्सेटर बसवत, म्हणजे अर्धी रॉड ढकलली जाईल आणि अर्धी ओढली जाईल, आणि वाढ एकमेकींत फिटेल. तरी दर जोडापाशी थोडी ढिलाई राहायचीच. शेवटी रेल्वेने काय केलं, तर सांध्यापाशीच विजेची मोटर बसवली आणि केबिनमधून नुसती वायर नेली.

“काय करून राहिला रे तू?” नाना नातवाला म्हणाले. “जे हलवायचं त्याच्याजवळ मोटर. लांबून वायर ने, लोखंड नको नेऊ. वायर उन्हाने वाढली तर कोणाचं काय बिघडतं?”

या एका वाक्याने माझा मधला सर्व्हो निकालात निघाला. वाईट याचं वाटलं की त्यात चूक काढता येईना.

मुलाला यातून हवं ते मिळालं. जवळ मोटर, म्हणजे प्रत्येक एलेरॉनजवळ, म्हणजे चार. चारांच्या बाजूने बोलण्यासारखंही खूप आहे. वरच्या-खालच्या पंखांना जोडणारी कुठलीच काडी लागत नाही. एक सर्व्हो मेला तर तीन उरतात. कलणं चपळ होतं. कसरतीसाठी जगभर नावाजलेलं पिट्स हे दुपंखी विमान बघा: आधीच्या एस-1सी या प्रकाराला खालच्याच पंखावर दोन एलेरॉन होते, पुढे एस-1एसमध्ये वर-खाली दोन्हीकडच्या पंखांचा आकार बदलला आणि एलेरॉन चार झाले. म्हणजे त्याच विमानाने अनुभवाअंती मत बदललं. मुलगा ही हकिगत अशी सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, गुढियारीच्या गच्चीवरून थेट जागतिक कसरत स्पर्धेलाच निघायचं आहे.

पण वरच्या पंखात सर्व्हो म्हणजे त्याच्या वायरी खाली रिसीव्हरपर्यंत आणायला हव्यात, आणि वरचा पंख धडाशी जोडलेला असतो तो फक्त मधल्या बारीक खांबांनी. वायर खांबाला चिकटवली तर दिसते, खांबात लपवली तर खांब जाड होतो. ज्या दिसण्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे तेच बिघडतं. आणि आमचं विमान शेतापर्यंत जातं छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर, पंख सोडवून. तिथे पोचल्यावर वाऱ्यात, धुळीत, चार प्लग योग्य त्या जागी लावायचे. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली की रिमोटवरची कांडी उजवीकडे नेल्यावर विमान डावीकडे कलतं, आणि हे जमिनीवर लक्षात आलं नाही तर हवेत लक्षात यायला लागणारा वेळ आणि विमान जमिनीवर यायला लागणारा वेळ साधारण सारखाच असतो. मॉडेलवाले उड्डाणाआधी न चुकता बघतात: कांडी उजवीकडे, उजवी पट्टी वर. ही तपासणी चार पट्ट्यांसाठी करायची, तीही आजूबाजूला वीस मुलं उभी असताना. आमच्याकडे ती असतातच.

तिसरा मार्ग मला सर्वांत मानवणारा, कारण तो मधला आहे. खालच्या पंखाच्या दोन्ही बाजूंना एकेक सर्व्हो, आणि खालच्या एलेरॉनपासून वरच्यापर्यंत एक उभी काडी. दुमजली घरात खालच्या मजल्यावरच्याला निरोप दिला की त्याने तो वर पोचवायचा, तशी ही व्यवस्था. निरोप शब्दाला शब्द पोचायला मात्र अट असते. काडीची दोन्ही टोकं आपापल्या बिजागरीपासून अगदी सारख्या अंतरावर हवीत. एकीकडे अंतर कमी पडलं की खालचा दहा अंश हलतो आणि वरचा बारा. शिवाय बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख खालच्याच्या थोडा पुढे असतो, त्यामुळे काडी उभी न राहता पुढे झुकते. मग ती ज्या दोन हॉर्नना, म्हणजे पट्ट्यांवरच्या छोट्या उभ्या शिंगांना जोडायची, ते तिरपे लावून वरची बिजागरी, खालची बिजागरी आणि काडीची दोन टोकं यांचा नीट समांतरभुज चौकोन करायचा. आठवीतल्या भूमितीचा उपयोग कधी होतो असं विचारणाऱ्या मुलांना उत्तर मिळालं: बाल्साचं विमान बांधताना.

ही काडी काही आमची युक्ती नाही. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलला चारही पंखांवर एलेरॉन होते, आणि वरचे-खालचे तारेने एकमेकांना जोडलेले होते. कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांनी 1918 च्या जुलैमध्ये जे एस.ई.5ए उडवलं, त्यालाही चार. पण त्याच युद्धात फ्रेंचांचं निउपोर 17 फक्त वरच्या पंखावरच्या एलेरॉनवर उडत होतं. जर्मनांच्या फोकर डी-7लाही ते वरच्याच पंखावर होते. म्हणजे एकाच आकाशात, एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या लोकांचं या प्रश्नावर एकमत नव्हतं, आणि मित्रराष्ट्रांचंही आपसात नव्हतं. आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर त्या युद्धात सॉपविथ डॉल्फिन उडवत होते. त्याचा खालचा पंख वरच्याच्या पुढे होता, बहुतेकांच्या बरोबर उलट. जून 1918 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर ते कामी आले. त्या विमानांत बसलेली ही पोरं विशीच्या आसपासची असायची. आमच्या गच्चीवरच्या चर्चेत त्यांची नावं आली की माझ्या मुलाचा आवाज थोडा खाली येतो, आणि मग पुन्हा सर्व्होवर जातो.

खालच्याच पंखावर एलेरॉन ठेवणारं घराणं मात्र इंग्रजांचं, द हॅविलंडचं. जिप्सी मॉथला तसे होते, तिच्या पोटी जन्मलेल्या टायगर मॉथलाही तसेच. 1930 मध्ये आगाखान बक्षिसाच्या शर्यतीत जे.आर.डी. टाटा कराचीहून लंडनला निघाले ते जिप्सी मॉथमधून. वाटेत इजिप्तमध्ये प्रतिस्पर्धी ॲस्पी इंजिनिअर अडकून पडले होते, त्यांना जे.आर.डी. यांनी आपल्याजवळचे स्पार्क प्लग दिले. शर्यत ॲस्पींनी जिंकली. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण दोघांच्याही विमानांचे एलेरॉन कुठल्या पंखावर होते हे कोणी विचारत नाही. आमच्या घरी विचारतात. आणि दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठला आणि जोधपूरला ज्या पोरांनी उडण्याचे पहिले धडे गिरवले, त्यांतली बरीचशी टायगर मॉथवरच. चुकायला शिकवण्यासाठी ठेवलेलं विमान जर खालच्या दोन पट्ट्यांवर समाधानी होतं, तर आमच्या एक मीटरच्या मॉडेलला चार सर्व्हो कशाला, हा माझा मुद्दा. तो मी पुन्हा पुन्हा मांडला.

टायगर मॉथमधली खरी शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. विमान उजवीकडे कलवताना डावी पट्टी खाली जाते. खाली गेलेल्या पट्टीमुळे त्या पंखाला उचल जास्त मिळते, पण त्याबरोबर हवेचा अडथळाही वाढतो, तो पंख मागे ओढला जातो आणि नाक वळतं डावीकडे. म्हणजे तुम्ही म्हणता उजवीकडे चल आणि विमान आधी डावीकडे बघून घेतं. दुपंखी विमानांत ही खोड जास्त, मंद उडणाऱ्यांत तर फारच. टायगर मॉथच्या खालच्या पंखात एका वाटोळ्या चकतीला एलेरॉनचा रॉड अशा कोनात जोडला आहे की वर जाणारी पट्टी भरपूर वर जाते आणि खाली जाणारी जेमतेम हलते. सगळी करामत त्या चकतीवरच्या भोकाच्या जागेत. मॉडेलमध्ये हेच दोन सर्व्होंना रिसीव्हरचे दोन वेगळे चॅनल देऊन रिमोटच्या मेनूतून करता येतं: वर शंभर टक्के, खाली पन्नास. दोन्ही सर्व्हो एकाच वाय आकाराच्या वायरीने एका चॅनलला जोडले तर ही सोय जाते, मग सर्व्होचा हात मागे-पुढे तिरका लावून यंत्राने तेच साधावं लागतं. हे मुलाने मला समजावलं आणि मी नानांना समजावलं. नाना म्हणाले, “भोक बदललं की झालं, मेनू कशाला?” रेल्वेत मेनू नव्हते.

इथवर सगळा वाद पुस्तकी होता. तो खऱ्या अर्थाने मिटवला धानाने.

आम्ही विमान उडवतो ते गुढियारीत नाही. आमच्या गल्लीवरून वायरी अशा गेल्या आहेत की पतंगालाही विचार करावा लागतो. जवळच हावडा–मुंबई मार्गावरच्या 25,000 व्होल्टच्या तारा आहेत, आणि दही हंडी मैदान मोकळं सापडलं तर त्या दिवशी काहीतरी चुकलंय असं समजावं. तिथे कथा नसली तर मंडप उभा होत असतो. नवा रायपूरचे रुंद रस्ते मुलाच्या मनात भरले होते, पण तिकडे माना विमानतळ जवळ, आणि 2021 च्या ड्रोन नियमांनंतर आकाशाचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा बघूनच जावं लागतं. मॉडेल विमानांना त्या नियमांत बरीच सवलत आहे, विमानतळाशेजारी घिरट्या घालण्याची नाही. म्हणून आम्ही उलट दिशेला, उत्तरेकडे धरसीवाच्या बाजूला जातो. छत्तीसगड म्हणजे धानाचा प्रदेश. कापणी झाली की डिसेंबरपासून शेतं रिकामी, कोरडी, क्षितिजापर्यंत सपाट. नकाशात हिरवा असलेला पट्टा प्रत्यक्षात पिवळाधमक असतो. आम्ही गाडी बांधाशी लावली रे लावली की आजूबाजूची मुलं जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ये उड़ही का?” प्रश्न कुत्सित नसतो, पण उत्तर लगेच हवं असतं.

सपाट शेत म्हणजे हिरवळ नव्हे. कापलेल्या धानाचे खुंट वीतभर उंच, ताठ आणि टोकदार. दुपंखी विमानाचा खालचा पंख जमिनीपासून चार बोटांवर असतो. उतरताना तो खुंटांमधून कंगव्यासारखा जातो. आणि पुस्तकात, आराखड्यात, जिथे बघावं तिथे, खालच्या पंखातला सर्व्हो खालून बसवलेला: तळाशी झाकण, झाकणातून बाहेर आलेला सर्व्होचा हात, हाताला पुशरॉड, सगळं पंखाच्या खालच्या अंगाला. का, तर वरून दिसू नये. हे आराखडे काढणारे लोक सारख्या कापलेल्या गवतावर विमान उतरवतात. आमच्या शेतात तो हात पहिल्या दोन फुटांत एखाद्या खुंटात अडकणार, आणि सर्व्होच्या आतली प्लास्टिकची चाकं दातांसकट मोकळी होणार. मेटल गिअरचा सर्व्हो घेतला तर चाकं वाचतील, पण मग पंखाचा बाल्सा फाटेल. कुठेतरी काहीतरी जाणारच.

उपाय सरळ होता. सर्व्हो खालच्याच पंखात, एलेरॉनच्या मध्यावर, पण उलटा: हात वरच्या अंगाला. पुशरॉडही वरून. दिसतो का? दिसतो, पण वर दुसरा पंख आहे ना, त्याच्या सावलीत. दुपंखी असण्याचा मला दिसलेला हा एकमेव व्यावहारिक फायदा. मुलाने सुरुवातीला नाक मुरडलं. प्रमाणबद्ध मॉडेलवर असं काही उघडं दिसणं म्हणजे त्याच्या मते बेअब्रू. मग त्यानेच सर्व्होला पंखाच्या रंगाचा कागद लावला.

एलेरॉनच्या मध्यावर का, याचंही कारण आहे. पट्टी लांब असते, पातळ असते. तिला आतल्या टोकाला धरलं तर बाहेरचं टोक हवेच्या दाबाने मागे राहतं. बाहेर धरलं तर आतलं. मधोमध धरली तर दोन्ही बाजूंना निम्मीच लांबी उरते आणि पीळ कमी पडतो. वरची काडीही त्याच रेषेत घेतली की जोर सरळ वर जातो. सर्व्होच्या हातावर काडी आतल्या भोकात आणि एलेरॉनच्या हॉर्नवर बाहेरच्या भोकात लावायची: हालचाल थोडी कमी मिळते, पण जोर जास्त मिळतो आणि जोडांतली ढिलाई कमी जाणवते. याबाबत मुलगा आणि नाना यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, म्हणून मी तो दिवस लक्षात ठेवला आहे.

बसवण्याचं तंत्र मात्र आमच्या हवामानाने ठरवलं. गरम गोंदाची बंदूक हे आजच्या मॉडेलवाल्यांचं ब्रह्मास्त्र. सर्व्हो ठेवला, गोंद ओतला, झालं. पण मे महिन्यात रायपूरचा पारा 44–45 अंशांवर जातो, नवतपाचे दिवस तर वेगळेच, आणि बंद गाडीच्या मागच्या सीटवर तो गोंद मऊ पडून सर्व्हो जागेवरून हळूच सरकतो. म्हणून पंखात प्लायवूडचे दोन ठोकळे बसवून सर्व्हो त्याच्या कानांतून बारीक स्क्रूंनी आवळला. त्याची वायर लांबवून पंखाच्या आतून, कागदाच्या नळीतून, पोटापर्यंत आणली. जोडावर टेप गुंडाळला, कारण पंखात हरवलेला प्लग बाहेर काढायला पंख कापावा लागतो.

अशा वेळी मला कांदिवलीच्या अमोल यादव यांची आठवण होते. त्यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी खरं विमान बांधलं, आणि 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. त्यांच्या घरी सर्व्होसारख्या प्रश्नांवर किती चर्चा झाल्या असतील याची कल्पना करवत नाही. आमचं विमान जिन्यातून खाली उतरतं एवढ्यावरच मी समाधान मानतो.

विमान उडालं. कसं उडालं, तर सावकाश, जरा म्हाताऱ्या चालीने, आणि वळताना नाक उलटं फिरवणं जवळजवळ नाहीसं झालं होतं. उतरलं तेव्हा खुंटांतून कर्रकर्र आवाज आला आणि सर्व्हो जिथल्या तिथे राहिले. मुलांपैकी एकाने जवळ येऊन वरच्या पंखाकडे बोट दाखवून विचारलं, हा कशाला? माझ्या मुलाने त्याला पंधरा मिनिटं उत्तर दिलं.

सध्या गच्चीवर फोकरच्या तीनपंखी विमानाचा आराखडा पसरलेला आहे. मुलाचं म्हणणं असं की यात भांडण व्हायचं कारणच नाही, कारण मूळ विमानातच एलेरॉन फक्त सर्वांत वरच्या पंखावर आहेत. वरच्याच पंखात दोन सर्व्हो, विषय संपला. नानांनी चष्मा चढवून आराखडा दोनदा बघितला आणि विचारलं, “अन् वायर खाली कशी आणणार?”

त्यावर आता दोघंही बसले आहेत. मला स्पोक आणायला पाठवलंय.